गेम बॉयचा पॉवर स्विच: बदलण्याआधी, बदलताना आणि बदलल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८९ चा मूळ राखाडी गेम बॉय (निन्टेंडोचा हातात धरायचा गेम कन्सोल, मॉडेल डीएमजी-०१). स्विच सरकवला की लाल दिवा मिणमिणतो, खुंटी बोटाने तिरकी दाबून धरली तर गेम चालू होतो आणि बोट सोडलं की बंद पडतो. खुंटी सैलही लागते. नवा स्विच कोणता घ्यायचा आणि तो बोर्डावर कसा बसवायचा? सोल्डरिंग जुजबी येतं.

आधी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा. या लक्षणांच्या कन्सोलमध्ये स्विच खरोखर तुटलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा तो आतून काळवंडलेला असतो आणि साफ केल्यावर पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. उलट घाईने काढताना बोर्डावरचं पॅड (पिन जिथे सोल्डर होते तो तांब्याचा ठिपका) उखडलं तर एका साध्या कामाची मोठी दुरुस्ती होऊन बसते. स्विच पुन्हा मिळतो, त्या बोर्डावरचा तांब्याचा थर पुन्हा मिळत नाही. पुढचं सगळं हे एक सूत्र धरून वाचा.

बिघाडाच्या जागा तीन असू शकतात. बोटाला लागते ती खुंटी म्हणजे स्विच नव्हे. तो कवचात बसलेला वेगळा प्लास्टिकचा तुकडा आहे, आणि तो आतल्या खऱ्या स्विचच्या दांडीला ढकलतो. हा तुकडा झिजला किंवा तडकला तर दांडी पूर्ण सरकत नाही आणि संपर्क अर्धवट होतो. दुसरी जागा स्विचच्या आतले संपर्क. तिसरी जागा बोर्डावरचे सोल्डरचे सांधे: वर्षानुवर्षं ढकलाढकल झाल्याने पिनेभोवती बारीक गोल चीर पडते आणि बोट दाबलं की ती मिटते. भिंगातून पाहिल्यास पिनेच्या भोवती काळपट कडं दिसतं. असा सांधा थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) आणि ताजं सोल्डर देऊन पुन्हा वितळवला की काम संपतं, स्विचला हात लावायची गरजच नाही.

उघडताना बॅटऱ्या आणि कार्ट्रिज (गेमची कॅसेट) आधी काढा. मागे सहा स्क्रू आहेत, त्यातले दोन बॅटरीच्या खणात. ते तीन पाकळ्यांचे, म्हणजे ट्राय-विंग आहेत. चपट्या स्क्रूड्रायव्हरने ते उघडायचा मोह टाळा, कारण डोकं एकदा घसरलं की ड्रिलशिवाय निघत नाही. दोन्ही कवचं झटक्याने वेगळी करू नका. पुढच्या आणि मागच्या बोर्डाला जोडणारी रुंद पट्टी मध्ये असते. पुस्तक उघडावं तसं हलकं उघडा, पट्टी सॉकेटमधून सरळ रेषेत ओढून काढा आणि तिला घडी पडू देऊ नका. मागचा बोर्ड साध्या फिलिप्स स्क्रूंवर आहे. खालच्या बाजूला हेडफोनची छोटी पट्टी आहे, तीही त्याच्यासोबत उचलावी लागते.

आता मोजमाप, आणि इथेच बहुतेकजण फसतात. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोड आहे की नाही ते बीप वाजवून सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवायचा, बीप वाजला की "स्विच ठीक आहे" म्हणायचं, ही पद्धत या कामाला निरुपयोगी आहे. बऱ्याच मीटरचा बझर ३० ते ५० ओहमच्या आत काहीही असलं तरी वाजतो, आणि गेम बॉय तर १० ओहमलाच लंगडा होतो. का ते पाहा. मागच्या लेबलवर ६ व्होल्ट, ०.७ वॉट लिहिलेलं आहे, म्हणजे साधारण १२० मिलिअँपिअर प्रवाह. १० ओहमवर इतक्या प्रवाहाने १.२ व्होल्ट पडतील, म्हणजे स्विचवरच खर्च होतील, असं वाटतं. पण आतला डीसी कन्व्हर्टर (बॅटरीच्या व्होल्टेजपासून कन्सोलला लागणारी व्होल्टेज बनवणारं सर्किट) दिलेल्या व्होल्टेजवर समाधान मानत नाही. त्याला हवी असते ठरावीक शक्ती. व्होल्टेज कमी मिळालं की तो प्रवाह वाढवतो, प्रवाह वाढला की स्विचवर आणखी व्होल्टेज पडतं. ढोबळ हिशेबाने हे चक्र १६० मिलिअँपिअरच्या आसपास थांबतं आणि कन्व्हर्टरला जेमतेम ४.४ व्होल्ट उरतात. स्विचचा रोध १३ ओहमच्या वर गेला की हिशेब जुळतच नाही, कन्सोल सुरूच होऊ शकत नाही. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर चार सेलचे मिळून ४.८ व्होल्ट, आणि हीच मर्यादा ८ ओहमवर येते. "नव्या बॅटरीवर चालतो, रिचार्जेबलवर चालत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

म्हणून रोध मोजण्यापेक्षा चालू स्थितीत व्होल्टेज किती पडतं ते मोजा. कन्सोल चालू करा, मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, एक प्रोब (मीटरच्या तारेचं टोक) स्विचमध्ये प्रवाह आणणाऱ्या पिनेवर आणि दुसरा प्रवाह बाहेर नेणाऱ्या पिनेवर. चांगल्या स्विचवर काही मिलिव्होल्ट ते २० मिलिव्होल्ट दिसतात. १०० च्या वर गेलं तर सफाईची वेळ झाली. अर्धा व्होल्ट दिसत असेल आणि खुंटी हलवली की आकडा नाचत असेल तर दोष स्विचमध्येच आहे, शंका नको. आकडा स्थिर आणि लहान असूनही दिवा मिणमिणत असेल तर बॅटरीच्या पत्र्यांकडे वळा; त्याबद्दल शेवटी.

सफाईसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी असतं आणि ते स्विचच्या आत अडकून राहतं. बॅटरी काढलेलीच हवी. दांडीच्या फटीत तीन-चार थेंब सोडा, दांडी चाळीस-पन्नास वेळा पूर्ण अंतराने सरकवा, बोर्ड उलटा धरून काळं पाणी टिपून घ्या आणि पुन्हा हेच करा. तीन फेऱ्यांनंतर अर्धा तास वाळू द्या आणि परत मिलिव्होल्ट मोजा. ऑक्साइड काढणारा काँटॅक्ट क्लीनर असेल तर अल्कोहोलने धुतल्यावर त्याचा एकच थेंब द्या. दाराच्या बिजागरीला मारतात ते तेलकट स्प्रे इथे नकोत: पहिले काही दिवस स्विच छान चालतो, मग त्या थरात धूळ बसून आधीपेक्षा वाईट होतो, आणि तेल बोर्डावर पसरल्यामुळे पुढे सोल्डर धरत नाही.

धुऊन फरक पडला नाही तर स्विच उघडूनही साफ करता येतो. वरचं पत्र्याचं झाकण कडेच्या छोट्या कानांनी दुमडून धरलेलं असतं. पातळ धातूच्या पात्याने कान हळूहळू उचला. हे कान दोन-तीन वेळा वाकवले की तुटतात, म्हणून उघडायची संधी एकदाच आहे असं धरा. काम पारदर्शक पिशवीच्या आत हात घालून करा. आतली सरकती पितळी चिमटी किंवा खटक्याची स्प्रिंग उडाली तर सापडणार नाही. संपर्कांवर काळा थर दिसेल. छोट्या स्लाइड स्विचांत संपर्कावर चांदीचा पातळ मुलामा असतो आणि हवेतल्या गंधकामुळे तो काळा पडतो. तो सँडपेपरने घासलात तर मुलामाच निघून जातो, खालचं पितळ उघडं पडतं आणि काही महिन्यांत तक्रार परत येते. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी, फार चिकट असेल तर साध्या कागदाची पट्टी संपर्कांमधून ओढायची, इतकंच. सरकती चिमटी सैल झाली असेल तर टोकं चिमट्याने केसभर जवळ आणा. बंद करण्याआधी प्लास्टिकच्या घसरणाऱ्या भागाला सिलिकॉन ग्रीसचा ठिपका द्या, पण तो संपर्कावर जाऊ देऊ नका.

बदलायचाच कधी? दांडी बुडातून मोडली असेल, घरटं (स्विचचं प्लास्टिकचं आवरण) वितळलं असेल, बॅटरीच्या गळतीने पिना हिरव्या होऊन भुसभुशीत झाल्या असतील, किंवा उघडून साफ केल्यावरही १०० मिलिव्होल्टच्या खाली येत नसेल तर. मोडलेल्या दांडीला सुपरग्लू लावायचा विचार सोडून द्या. तो केशाकर्षणाने आत शिरतो आणि संपर्कांवर पसरून त्यांना कायमचं वेगळं करतो.

नवा स्विच निवडताना लोक व्होल्ट-अँपिअर पाहतात आणि मापं विसरतात. गेम बॉयच्या १२० ते १६० मिलिअँपिअरला अगदी छोटा स्विचही पुरतो. अडतं ते मापांवर. जुना स्विच काढण्याआधीच व्हर्नियर कॅलिपरने या गोष्टी टिपून ठेवा: पिनांमधलं अंतर (२ मिलिमीटर की २.५४, हा फरक नजरेला कळत नाही पण सहा पिनांत तो साचतो), दोन रांगांमधलं अंतर, चौकटीच्या कानांमधलं (पत्र्याची चौकट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पायांमधलं) अंतर, दांडीची बोर्डापासूनची उंची, तिची जाडी आणि ती किती सरकते ते. दांडी अर्धा मिलिमीटर जरी आखूड असली तरी वरच्या प्लास्टिकच्या खोबणीतून निसटते. सरकण्याचं अंतर कमी असेल तर आणखी एक गंमत होते: गेम बॉयची खुंटी ऑन केल्यावर तिचा एक दात कार्ट्रिजच्या कोपऱ्यातल्या खाचेत जाऊन ते अडकवतो, म्हणजे चालू असताना कार्ट्रिज ओढलं जाऊ नये. दात अर्धाच गेला तर हे कुलूप कामाचं राहत नाही. केवळ गेम बॉय कलरसाठी काढलेल्या पारदर्शक कार्ट्रिजांना ही खाच नसते, म्हणून ती घातल्यावर मूळ गेम बॉय ऑनच होत नाही. चाचणीसाठी असं कार्ट्रिज हाताशी असेल तर नव्या स्विचवर उगाच संशय घेऊ नका. या मॉडेलसाठीच बनवलेला बदली स्विच मिळत असेल तर तोच घ्या, मापं जुळवण्याची कटकट वाचते.

विद्युत बाजूने दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, जुन्या स्विचचा नकाशा: कोणत्या स्थितीत कोणत्या पिना जोडल्या जातात हे मीटरने पाहून कागदावर काढा. कन्सोलच्या काही बोर्डांत ऑफ स्थितीतला संपर्कही वापरलेला असतो, म्हणजे बंद केल्यावर उरलेला विद्युतभार जमिनीकडे (ग्राउंड, म्हणजे सर्किटची ऋण बाजू) सोडून सर्किट पटकन शून्यावर यावं म्हणून. अशा ठिकाणी फक्त ऑन-ऑफ दोन पिनांचा स्विच लावला तर बंद करून लगेच चालू केल्यावर कन्सोल अडखळतो. दुसरी, स्विच सरकताना आधीचा संपर्क सोडून मग पुढचा धरतो ना? काही स्लाइड स्विच मध्यावर क्षणभर दोन्हीकडे टेकतात. ते ऑडिओच्या कामासाठी ठीक. पण ऑफ संपर्क जमिनीला जोडलेला असेल तर असा स्विच प्रत्येक वेळी बॅटरीच शॉर्ट करेल. दांडी अगदी सावकाश सरकवत मीटरवर हे दिसतं.

आता काढणं. साहित्य: तापमान ठरवता येणारं आयर्न, २ ते २.५ मिलिमीटर रुंद छिन्नीसारखं टोक, शिसं असलेलं ६०/४० किंवा ६३/३७ सोल्डर (०.७ किंवा ०.८ मिलिमीटर), जेल फ्लक्स, २.५ मिलिमीटर रुंद डिसोल्डरिंग वेणी (वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी), सोल्डर पंप, सपाट धारेची कटर. सुईसारखं बारीक टोक "नाजूक काम आहे" म्हणून वापरू नका. त्यातून उष्णता जात नाही, मग माणूस दहा-दहा सेकंद टेकवून बसतो आणि पॅड सुटतं. रुंद टोक, ३५० अंश, दोन-तीन सेकंद, हे पॅडसाठी जास्त सुरक्षित आहे.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे जुन्या स्विचचा मोह सोडून त्याचे तुकडे करणं. झाकण काढा, प्लास्टिक आणि आतले भाग उचला, पत्र्याची चौकट दोन्ही कानांच्या मध्ये कापा. आता बोर्डावर प्रत्येक पिन सुटी उभी आहे. बोर्ड उभा धरून एका बाजूने आयर्न टेकवा आणि दुसऱ्या बाजूने पिन चिमट्याने ओढा. सोल्डर वितळलं असेल तर ती स्वतःच्या वजनानेही सरकते. ओढताना जोर लागतोय असं वाटलं की थांबा, सोल्डर अजून वितळलेलं नाही. चौकटीचे कान मात्र जमिनीच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असतात आणि तो तांबा उष्णता पिऊन टाकतो. त्यांच्यासाठी ३८० अंश, आधी भरपूर ताजं सोल्डर आणि फ्लक्स, मग वेणी. जुन्या सोल्डरवर नवं सोल्डर घालणं वेडेपणा वाटतो, पण जुन्याचा पृष्ठभाग ऑक्साइडने झाकलेला असतो, त्यातून उष्णता जात नाही. ताज्याने तो मोडतो. हॉट एअरने (गरम हवेच्या झोताने) पूर्ण स्विच एकदम काढता येतो खरा, पण शेजारची प्लास्टिकची सॉकेट आणि पट्ट्या वाकायला एक क्षण पुरतो. सवय नसेल तर या बोर्डावर हॉट एअर शिकू नका.

भोकं मोकळी करताना एका बाजूने तापवून दुसऱ्या बाजूने पंप मारा. उरलेलं हट्टी असेल तर त्यात पुन्हा थोडं सोल्डर भरा, तापवा आणि लाकडी टूथपिक फिरवत घाला; सोल्डर लाकडाला चिकटत नाही. ड्रिलने भोक मोकळं करू नका. भोकाच्या आतल्या भिंतीला तांब्याचा मुलामा असतो, तोच बोर्डाच्या दोन बाजू जोडतो, आणि ड्रिल तो खरवडून टाकतं.

पॅड तरीही उखडलं तर काम संपलेलं नाही. त्याला जोडलेला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) कुठे जातो ते शोधा, पुढच्या घटकाच्या पायापासून स्विचच्या पिनेपर्यंत २८ गेजची तार ओढा. तीन-चार सेंटिमीटर तारेचा रोध इतका कमी आहे की त्याने काही बिघडत नाही. तार मात्र इपॉक्सीच्या ठिपक्याने बोर्डाला धरून ठेवा आणि स्विचच्या चौकटीचे कान पक्के सोल्डर करा. रोजचा धक्का कानांनी झेलायचा असतो, पिनांनी नाही.

बसवताना सगळ्या पिना एकदम सोल्डर करू नका. स्विच बोर्डाला सपाट टेकवा, फक्त एक कान डागा, बोर्ड मागच्या कवचात ठेवा, प्लास्टिकची खुंटी बसवा आणि सरकवून पाहा. तिरका असेल तर तो एकच सांधा वितळवून सरळ करता येतो. सगळ्या पिना डागल्यावर तिरकेपणा कळला तर पुन्हा पहिल्यापासून. जुळल्यावर दुसरा कान, मग पिना. प्रत्येक पिनेला दोन-तीन सेकंद, आणि दोन पिनांच्या मध्ये थोडा श्वास घ्या. सलग तापवलं तर घरटं मऊ होऊन पिना आत सरकतात आणि नवा कोरा स्विच अडखळायला लागतो. सोल्डर करताना दांडी ऑन स्थितीत ठेवा, म्हणजे पिना हलल्याच तरी संपर्क जुळलेल्या अवस्थेत थंड होतील. वेगळा पातळ फ्लक्स ओतू नका, सोल्डरच्या तारेतला पुरेसा आहे. ओतलेला फ्लक्स पिनेवरून चढून आत जातो. याच कारणासाठी शेवटी अल्कोहोलची आंघोळ घालू नका, सांध्याची बाजू कापसाच्या काडीने पुसून घ्या.

पहिल्यांदा वीज देण्याआधी बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांत रोध मोजा, ऑफ आणि ऑन दोन्ही स्थितीत. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी सोल्डरचा पूल झालाय, म्हणजे सांडलेल्या सोल्डरने दोन पिना जोडल्या गेल्यात. प्रवाह मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय असेल तर ६ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर ठेवा. अ‍ॅडॅप्टरच्या जॅकमधून देणार असाल तर लक्षात घ्या, गेम बॉयचा जॅक आतून ऋण आणि बाहेरून धन आहे, हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरच्या उलटा. चालू झाल्यावर स्विचवरचे मिलिव्होल्ट पुन्हा मोजा, आवाज पूर्ण वाढवून मोजा, खुंटी हलवत मोजा. मगच कवच लावा. स्क्रू आधी उलटे फिरवा, टक असा बारीक आवाज आला की तो जुन्या आट्यात बसला, मग घट्ट करा. प्लास्टिकमध्ये नवे आटे पाडले की जुने गेले.

बाजारात जुळणारा स्विच मिळालाच नाही, किंवा जुना स्विच जागेवरच ठेवायचा आहे पण तो रोध धरतो, अशा वेळी एक चांगला उपाय आहे: मुख्य प्रवाह पी-चॅनेल मॉस्फेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर) न्यायचा आणि स्विचने फक्त त्याचं गेट (त्याला चालू-बंद करणारा पाय) ओढायचं. एओ-३४०१ सारखा छोटा मॉस्फेट ४.५ व्होल्टला ६० मिलिओहमच्या आत राहतो, म्हणजे गेम बॉयच्या प्रवाहावर दहा मिलिव्होल्टही पडत नाहीत. उरलेल्या दोन पायांपैकी सोर्स बॅटरीकडे, ड्रेन कन्सोलकडे. उलट लावलात तर आतल्या डायोडमधून कन्सोल कायम चालूच राहील. गेट आणि सोर्सच्या मध्ये रोधक, आणि स्विच गेटला जमिनीकडे ओढतो. हा रोधक १०० किलोओहमचा लावायची पद्धत आहे. मी इथे ४.७ किलोओहम सुचवेन. कारण चांदीच्या संपर्कावरचा थर फोडायला थोडा तरी प्रवाह लागतो. मायक्रोअँपिअरवर काळवंडलेला स्विच आणखी लहरी होतो. ४.७ किलोओहमला सव्वा मिलिअँपिअर वाहतो, तोही फक्त ऑन असताना, बॅटरीला तो जाणवणारही नाही. हे करताना ट्रॅक कापावा लागतो, म्हणून कुठे कापला त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे दुरुस्त करणाऱ्याला तो लागेल.

हेच तंत्र दुसऱ्या कन्सोलला लावायचं असेल तर आकडे बदलतात. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट, १.२ अँपिअरचा आहे, आतून ऋण. तिथे स्विच डीसीवर किमान २ अँपिअरचा हवा. स्विचवर "२५० व्होल्ट एसी, ३ अँपिअर" लिहिलं म्हणजे तो डीसीलाही ३ अँपिअर झेपेल असं नाही. एसी सेकंदाला शंभरदा शून्यातून जातो म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसीत तो आधार नसतो. जुना अनियंत्रित ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर भार नसताना १२-१३ व्होल्टही देतो, आणि वरच्या मॉस्फेटच्या गेटची मर्यादाच १२ व्होल्ट आहे. तिथे झेनर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर रोखणारा डायोड) किंवा व्होल्टेज वाटून कमी करणारा दोन रोधकांचा विभाजक लागेल. मेगा ड्राइव्ह २ मध्ये स्लाइडऐवजी दाबून अडकणारं बटण आहे आणि अ‍ॅडॅप्टरची ध्रुवता उलटी, आतून धन. दोन्ही मॉडेल शेजारी ठेवून काम करत असाल तर अ‍ॅडॅप्टरवर चिठ्ठी लावा. बदली बटण घेताना ते दाबल्यावर अडकणारं आहे ना हे पाहा. दिसायला हुबेहूब पण सोडताच परत येणारी बटणं त्याच आकारात मिळतात.

निन्टेंडोच्याच, पुढून कार्ट्रिज घालायच्या एनईएस कन्सोलमध्ये पॉवर आणि रिसेट ही बटणं वेगळ्या छोट्या बोर्डावर आहेत आणि तो प्लगने निघतो, त्यामुळे मुख्य बोर्डाला आयर्न लावावंच लागत नाही. पण तिथला लाल दिवा सेकंदाला एकदा उघडझाप करत असेल तर पॉवर बटण बदलू नका. ते कुलूपाच्या चिपचं काम आहे: ७२ पिनांच्या कनेक्टरमधून तिला कार्ट्रिजमधली जोडीदार चिप नीट सापडत नाही, म्हणून ती कन्सोलला पुन्हापुन्हा रिसेट करते. अटारी २६०० कन्सोलचा पॉवर प्लग ३.५ मिलिमीटरचा, हेडफोनसारखा आहे, आणि तो आत-बाहेर करताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो. चाचणी करताना आधी प्लग घाला, मग अ‍ॅडॅप्टर भिंतीत लावा.

ज्या कन्सोलमध्ये भिंतीतली वायर थेट आत जाते, म्हणजे पहिलं प्लेस्टेशन, सेगा सॅटर्न, ड्रीमकास्ट, तिथे वरचा एकही प्रयोग चालू स्थितीत करू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतला मोठा कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) ३२५ व्होल्टपर्यंत भरतो आणि प्लग काढल्यावरही तो भार काही काळ राहतो. प्लग काढून थांबा, कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज मीटरने मोजा, शून्याजवळ आल्यावरच हात घाला. स्विच मुख्य विजेच्या बाजूला असेल तर बदली स्विचला २५० व्होल्ट एसीचं रेटिंग आणि सुरक्षेची खूण हवीच. या बाजूचं काम कधी केलेलं नसेल तर ते जाणकाराला द्या.

आता गेम बॉयकडे परत. स्विचवर १०-१५ मिलिव्होल्टच पडतात आणि तरीही दिवा मिणमिणतो, अशी वेळ आली तर बॅटरीपासून कन्व्हर्टरपर्यंतची प्रत्येक पायरी त्याच मिलिव्होल्टच्या पद्धतीने मोजत जा. बॅटरीचे पत्रे: अल्कलाइन सेलची गळती पांढरी-निळसर बुरशी सोडते, ती व्हिनेगरच्या थेंबाने उदासीन करा, पाण्याने पुसा, मग अल्कोहोलने. पत्रा बोर्डाला जिथे सोल्डर केलाय तिथली खालची बाजूही पाहा. वरून चकचकीत आणि खालून पोखरलेला सांधा अनेकदा सापडतो. अ‍ॅडॅप्टरचा जॅक: हातातल्या कन्सोलमध्ये प्लग घातल्यावर बॅटरी तोडणारा एक संपर्क त्यात असतो, म्हणजे बॅटरीचा प्रवाह रोज त्यातूनच जातो. तो काळा पडला की लक्षणं हुबेहूब खराब स्विचची दिसतात. रिकामा प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर करून फरक पडला तर चोर सापडला. इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं तर कन्व्हर्टरच्या छोट्या बोर्डाचा नंबर, त्यावरचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर जुने झालेले असतात. आणि दिवा ठणठणीत लाल आहे, पण सुरुवातीच्या निन्टेंडो लोगोच्या जागी काळा आयत येऊन गेम तिथेच थांबतो, असं असेल तर कार्ट्रिजच्या पिना पुसा. त्याचा स्विचशी संबंध नाही.